देवी पुसायची नोकरी

रोज सकाळी दार उघडलं की मी आधी देवीचं तोंड पुसायचे. पूजा करत्यात ती येगळी गोष्ट, ती समदेच करत्यात. माझं उलटं. बायांनी लावलेली हळद, कुंकू, शेंदूर, त्याल, कोरड्या फडक्यानं निघंल तेवढं टिपून काढायचं, कामच ते व्हतं. आन् देवी कोन, तर सटवाई. लेकराच्या कपाळावर लिहिनारी. माझं लेकरू तवा सात म्हैन्याचं, माझ्याच कमरंवर. एका हातानं पोर सावरायची, दुसऱ्या हातानं सटवाईचं कपाळ पुसायचं आन् मनात म्हनायचं, आई, माझ्याकडं बघू नगं, मी नोकरदार हाय.

आमच्या आवारातल्या वाचनालयाच्या बाई दर दिवाळीला अंक काढत्यात. त्या म्हनल्या, शालन, औंदा तू लिही, बोलतीस तसंच लिही. मी चौथी पास. लिहायला बसले की धाप लागती, कुठं थांबायचं कळत न्हाई, आन् आता दुसरं पोटात हाय, तर ह्या देवीचं नाव कागदावर घ्यायचं म्हंजे आधी तिला हात जोडावे लागत्यात. तरी लिहिते, कारन लोक इचारत्यात, तू तिथं दिवसभर करतीस तरी काय, वस्तू तर नुसत्या बसून असत्यात.

बसून असत्यात खऱ्या, पन त्यांचं लई करावं लागतं.

आमचं वस्तुसंग्रहालय चिंचवडात, नदीच्या अंगाला. पैलं ते जकातीच्या मालाचं गोदाम व्हतं, वर पत्रा, दार येवढं की गाडी बैलासकट आत यावी. नाका फुडं सरकला आन् गोदाम रिकामं पडलं. शेजारी भजनी मंडळाची खोली व्हती, तिला लागून वाचनालय झालं, मग कंपन्यांतल्या नाटकवाल्यांनी सिमेंटचा कट्टा बांधून घेतला, त्यांच्या स्पर्धा तिथंच व्हत्यात. सगळ्यात शेवटी आमी. कंपन्या आल्या तशा वाड्या उठल्या, मानसं चाळीत गेली. चाळीच्या एका खोलीत नांगर कुठं ठेवनार, मोट कुठं टांगनार? तर दोन-तीन रिटायर गुरुजींनी मंडळ केलं, रहाटणी, चिखली, दापोडी अशी दारं हिंडले आन् लोकांनी जे जाळायला काढलं व्हतं ते गोळा करून ह्या गोदामात आनलं. नांगर, पाभर, मोटा, जाती, कनगी, पालखीचे दांडे, एक तोफेचा गोळा. त्या गोळ्याला समदी पोरं हात लावत्यात.

ह्या समद्याचा सांभाळ करायला पुन्याहून परांजपे सर यायचे, स्कूटरवर. त्यांना क्युरेटर म्हनत्यात. बारीक मानूस, सदा घाईत, चालता चालता बोलायचं आन् बोलता बोलता खिडकी लावायची. आमच्या ह्यांच्या कंपनीत तवा टाळेबंदी व्हती, हे घरी बसून, सासूबाई आधीच गेलेल्या. कामासाठी लई दारं पुजली. जाईल तिथं म्हनायचे, पोर घरी ठिवून ये. आन् पोर अंगावर पिती, वरचं दूध पचत न्हाई तिला, मी कुठं ठेवनार? परांजपे सरांनीच फकस्त छबूकडं बघितलं आन् इचारलं, "रांगते का?"

"न्हाई अजून."

"वस्तूंना हात लावत नाही ना?"

"तिचा हात पोचत न्हाई, सर."

"मग चालेल." म्हनले आन् खिडकी लावायला गेले.

तर ही माझी नोकरी. ती गेली तर दुसरीकडं पोरीसकट कुनी घेनार न्हाई, हे मला रोज सकाळी चालत येताना ठावं असायचं. रांगायला लागली की काय करायचं, ते मी इचार करायचेच न्हाई.

काम असं. धूळ फडक्यानं झटकायची न्हाई, कुंच्यानं अल्लद खाली पाडायची. कापडात कडुलिंबाचा पाला आन् डांबरगोळ्या. लाकडाला पानी न्हाई. तांब्यापितळंला चिंच न्हाई. हे चिंचेचं मला आधी कुनी बोललं न्हवतं. पैल्याच दिवशी मी एक जुनी समई चिंच आन् राख लावून अशी लख्ख केली की आरशागत. वाटलं, सर खूश व्हतील. सरांनी बघितली आन् खुर्ची ओढून बसले. "शालनबाई," म्हनले, "काळी पडायला तिला किती पिढ्या लागल्या होत्या." मला तवा ते येडेच वाटले. काळं भांडं चांगलं, हे कुठल्या घरी ऐकलंय?

आन् लोक. लोक चपला भायेर काढून आत येत्यात, कितीबी सांगा. एकजन म्हातारबुवा दर रईवारी यायचे चिखलीहून, त्यांची सोताची मोट हाय आमच्याकडं. खिशात जवसाच्या तेलाची बाटली. "कातडं वाळलंय गं, बाई. बघ कशी आखडली." म्या म्हनायचं, बाबा, हात लावायचा न्हाई. ते म्हनायचे, "माझीच हाय न्हवं?" मी म्हनायचे, आता न्हाई, आता ती समद्यांची हाय. मग बुवा हसायचे. "समद्यांची म्हून तर कुनी त्याल लावंना."

एकदा नाटकाच्या तालमीतला एकजन खाकी पँटवरच पळत आला, सेकंड शिफ्ट धरायची व्हती त्याला. म्हनला, "वहिनी, ती ढाल द्या पाच मिन्टं. आमच्या मावळ्याकडं पत्र्याची हाय, मारली की डब्यागत वाजती." म्या म्हनलं, भाऊ, ती लढाईतली खरी ढाल हाय. तर म्हनला, "मग तिला लढाईची सवय असंलच की." दिली न्हाई. पन त्यांचं नाटक बघितलं तवा ती पत्र्याची ढाल खरंच डब्यागत वाजली आन् मला उगंच वाईट वाटलं.

आता सटवाईचं.

कासारमळा म्हून वाडी व्हती, तिच्या शिवेवर ही व्हती. गुडघ्यायेवढा दगड, त्याच्यावर शेंदराचा येवढा जाड थर की आत काय हाय कुनाला ठावं न्हाई. नाक न्हाई, डोळं न्हाई, नुसता लाल गोळा. कंपनीची भिंत तिथनं जायची ठरली, तवा गुरुजी मंडळींनी तिला गाडीत घालून आनलं, न्हाईतर भरावाखाली गेली असती. चांगलंच केलं. पन वाडी उठली म्हून काय लेकरं व्हायची थांबत्यात व्हय? कासारमळ्याच्या बाया आता दापोडीत, काळेवाडीत, कुठं कुठं चाळीत. बाळंतीन उठली की तिला घिऊन येत्यात. सटवाई संग्रहालयात, म्हून त्या संग्रहालयात. तान्हं पोर दुपट्यात गुंडाळून, म्हातारी फुडं, बाळंतीन मागं कानाला फडकं बांधून, आन् पदराच्या गाठीत हळद-कुंकू. मला म्हनायच्या, "बघायला आलोय गं." आन् नांगराकडं बघत बघत सरकायच्या तिकडंच. मी तोंड फिरवून उभी राहायचे. छबूला खिडकीतनं कावळा दाखवायचे. काय करनार, माझ्या छबूला तरी मी दुसरं काय केलं असतं?

सकाळी सर यायचे, तिच्याफुडं थांबायचे. "शालनबाई, हा दगड जाडा होतोय."

"थंडीनं फुगला असंल, सर."

ते माझ्याकडं बघायचे, मी कुंच्याकडं.

मग एक दिवस सरांनी मला बोलावलं आन् उभ्या उभ्या न्हाई, बसून सांगितलं. तवाच मला भ्या वाटलं, कारन हा मानूस कधी बसत न्हाई. येत्या रईवारी मोठ्या संग्रहालयाची मानसं बघायला येनार व्हती. त्यांना वाटलं की हितं नीट सांभाळत न्हाईत, तर समदं सामान उचलून पुन्याला जानार, गोदाम रिकामं करून मागनार. "म्हणजे मीही नाही आणि तुम्हीही नाही," सर म्हनले. मग बोट दाखवलं. सटवाईच्या बुडाला त्याल पाझरून चौथरा काळा पडला व्हता, मुंग्यांची रांग लागली व्हती, आन् शेंदराला एका अंगानं चीर गेली व्हती.

"ते सगळं काढायचं. कोमट पाणी, लाकडी पट्टी, हळूहळू. आत मूर्ती असेल, ती दिसली पाहिजे. शनिवारपर्यंत."

"मी?"

"मग कोण?"

मी घरी गेले तशी ह्यांना सांगितलं. हे खाटंवर पडून छताकडं बघत व्हते, टाळेबंदीपासनं ते त्येच करायचे. म्हनले, "दगुड हाय तो. खरवडायचा, संपलं."

"मग तुमी या आन् खरवडा."

"मी कशाला? बाईमानसाची देवी ती." आन् कूस बदलली. थोड्या येळानं पाठ करूनच म्हनले, "नोकरी मातुर सोडू नगं, शालन. माझं काय खरं न्हाई अजून."

मला झोप लागली न्हाई. माझं माहेर चाकणकडचं, आमच्या घरी पाचवीला कोरा कागद आन् लेखनी ठेवत्यात, सटवाई येती, लिहून जाती. छबूच्या पाचवीला मी सोता ठेवला व्हता. आता तिचंच तोंड खरवडायचं म्हंजे? लिहिलेलं पुसलं तर? माझ्या पोरीचं काय लिहिलंय ते मला ठावं न्हाई, पन जे हाय ते ऱ्हाऊ दे, येवढंच वाटत व्हतं. आन् काम केलं न्हाई तर नोकरी गेली, मलाच खायला न्हाई तर अंगावर दूध कुठनं यायचं? दोन्हीकडनं पोरगीच.

दोन दिवस मी चालढकल केली. पट्टी सापडत न्हाई म्हनलं, हाताला फोड आलाय म्हनलं. शुक्करवारी सरांनी सोता पट्टी आनून टेबलावर ठिवली.

त्या दिवशी काम सुटल्यावर मी बस पकडून दापोडीला गेले. तिथं रेल्वेच्या अंगाला चाळीत सखूमावशी राहायची, कासारमळ्याची गुरवीन. पिढ्यान् पिढ्या त्या देवीची पूजा त्यांच्याच घरी. मला वाटलं, तिला सांगावं, ती येऊन काढंल, तिला अधिकार हाय, माझी सुटका. मावशी उंबऱ्यात गवार मोडत बसली व्हती. समदं ऐकून घेतलं, मान वर केली न्हाई.

"मुंग्या लागल्यात?"

"लागल्यात."

"चीर कुठल्या अंगानं?"

"डाव्या."

"मग तिची येळ झाली," मावशी म्हनली. "कात टाकती ती. माझ्या सासूच्या येळंला टाकली व्हती येकदा. कवच म्हनत्यात त्याला. सैल झालं की उतरायचं आन् त्याच दिशी नदीला द्यायचं, घरात रातभर ठेवायचं न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. "मग तुमी उद्या येता ना, मावशी?"

"येते की. समद्याच येतो. पन मी न्हाई उतरनार. ते लेकुरवाळीच्याच हातानं उतरतं. मांडीवर पितं लेकरू पायजे."

"मग तुमची सून?"

"तिचं पोर साळंत जातंय आता."

"दुसरं कुनी?"

मावशीनं तवा कुठं मान वर केली आन् छबूकडं बघितलं. छबूनं गवारीची शेंग तोंडात घातली व्हती.

"मी तुमच्या गावची न्हाई, मावशी," मी म्हनलं. रडूच यायला लागलं. "मला भ्या वाटतं."

"आगं, ती तरी आता कुठं गावात हाय? गाव हाय कुठं? तीबी तुझ्याच कामावर नांदती." मग शेंग काढून घेत म्हनली, "आन् भ्या वाटतंय ते बरं हाय. न भिनारीच्या हाती कुनी द्यावं तिला?"

शनवारी लोकांना बंद ठेवलं व्हतं. सरांनी दार उघडलं तर भायेर दहा-बारा बाया, नटून, हिरव्या बांगड्या भरून. सर माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं, सर, उतरते, पन हे असं हाय. सरांनी येकदा चौथऱ्याकडं बघितलं. मग म्हनले, "चौथऱ्यावर पाणी सांडायचं नाही. उदबत्ती नाही, इथं जुनी कापडं आहेत. आणि मी इथंच उभा राहणार."

"ऱ्हावा की," मावशी म्हनली. "बाप्यानं बघू नये असं काय न्हाई. बघन्यासारखं काय नसतं, म्हून कुनी बघत न्हाई."

आधी कौल लावायचा. शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या आन् इचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर न्हाई. मला मावशी म्हनली, इचार. मला शब्दच सुचंना. मांडी घालून बसले, छबू मांडीवर, आन् म्हनलं, आई, तुझं अंग मोकळं करू का? एवढंच. आन् बसलो वाट बघत.

पाकळी पडंना.

वर पंखा फिरत व्हता. मावशी म्हनली, "ते बंद करा. वाऱ्यानं पडली तर तो कौल न्हवं." सर जाऊन बटन बंद करून आले. पत्रा तापला, टकटक वाजायला लागला. बायांनी पदरानं वारा घ्यायला सुरवात केली, मावशी म्हनली, तेबी नगं. समद्या घामानं निथळत बसल्या. सरांनी घड्याळ बघितलं, रुमालानं मान पुसली, येक फेरी मारली, परत आले. मग हळूच मला म्हनले, "शालनबाई, तेलावर चिकटलीय. पडणार कशी?"

मावशीला ऐकू गेलं. "सायेब, आमच्या सासूच्या येळंला बी त्यालच व्हतं."

"किती वेळ लागला होता तेव्हा?"

"सांजच्याला पडली."

सरांचं तोंड बघन्यासारखं झालं. उद्या पाहुणे यायचे, हितं समदं तसंच पडलेलं. पन गेले न्हाईत. मला वाटतं, त्यांनाबी बघायचंच व्हतं, कुठली पडती ते. डावी पडली तर नोकरी गेली, उजवी पडली तर माझ्या हातानं उतरायचं आलं. मी उजवी मागत व्हते का डावी, मलाच कळत न्हवतं.

आन् छबू, जिला मी हात पोचत न्हाई म्हून सरांना सांगितलं व्हतं, ती फुडं झुकली, उजवी पाकळी उचकटली आन् तोंडात घातली.

मग एकदम गलका झाला.

"पोरीनं काढली, ह्यो कौल न्हवं."

"मग कोनी काढायची? देवी का उठून काढनार?"

"परत लावा."

"परत लावत नसत्यात गं, बाई, ती काय लॉटरी हाय?"

मावशीनं हात वर केला. छबूच्या तोंडात बोट घालून पाकळी भायेर काढली, पदराला पुसली. "डावी बी तेवढीच जवळ व्हती," म्हनली. "हिनं उजवी घेतली. उतर आता, शालन."

मी उतरायला घेतलं. चिरंत लाकडी पट्टी घातली, कोमट पान्याचा बोळा लावत लावत. मला वाटलं, तासभर खरवडावं लागंल. पन ते सैलच झालं व्हतं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं एका अंगानं सुटलं, मग दुसऱ्या अंगानं, आन् आख्खंच्या आख्खं, सुपायेवढं, माझ्या हातात आलं. आत दगड निघाला. काळा, गुळगुळीत, पाट्यावरच्या वरवंट्यागत. मूर्ती न्हाई, डोळं न्हाई, रेघसुदीक न्हाई.

सर गुडघ्यावर बसले. दगडाला सगळीकडनं हात लावून बघितलं. "काहीच नाही," म्हनले. तोंडच उतरलं बिचाऱ्यांचं. आन् मग त्यांचं ध्यान माझ्या हाताकडं गेलं.

कवचाची आतली बाजू वर व्हती. ती नुसती लाल न्हवती. थरावर थर, कुठं किरमिजी, कुठं काळपट, आन् त्या थरांत अडकलेलं समदं. काळ्या बांगडीचे तुकडे, तान्ह्या लेकराच्या असतात तेवढ्याल्या. भोकाचा पैसा. घुंगरू. आन् केस. बारीक, मऊ, जावळाचे केस, तेलात बसलेले. कुनाकुनाच्या लेकरांचे, कवाकवाचे. त्यातली कितीक म्हातारी होऊन मेली असतील, आन् हितं त्यांचं जावळ.

"शालनबाई," सर म्हनले. आवाजच बदलला व्हता. "ते खाली ठेवा. हळू. टेबलावर."

"सायेब, ते नदीला जातं," मावशी म्हनली.

"मावशी, ऐका. दगडात काही नाही. जे आहे ते ह्यात आहे. तुमच्या वाडीचं दुसरं काय उरलंय? एवढंच. हे पाण्यात गेलं की परत कधी मिळणार नाही, कुणालाच."

"मिळू नये म्हूनच तर द्यायचं."

"मी नीट ठेवीन. काचेत ठेवीन."

"लेकरांचं जावळ काचंत?" मागची एक बाई म्हनली. तिच्या आवाजात राग न्हवता, भ्या व्हतं, माझ्यासारखंच.

आन् समद्यांनी माझ्याकडं बघितलं, कारन ते माझ्या हातात व्हतं. सर खोटं बोलत न्हवते. त्यांच्या हाताखाली राहून मला तेवढं कळायला लागलं व्हतं, काळी समई काळी का ठेवायची ते. आन् मावशीबी खोटं बोलत न्हवती. मी सरांकडं बघितलं, त्यांच्या डोळ्यात मला नोकरी दिसली, सरळच सांगते. मग मी खाली बघितलं. एक केसाची बट व्हती, छबूच्या कपाळावर हाय तशीच, पिवळसर. त्या लेकराची आई तवा देवीकडं आली आसंल तर काय मागून गेली आसंल? मला ठावं हाय काय मागून गेली. तेच मी मागते रोज, पुसता पुसता.

मावशीनं भिंतीवरचं सूप काढलं.

"ते सूप संग्रहातलं आहे, नंबर आहे त्याला," सर म्हनले.

"आनून देते," म्हनली आन् सूप माझ्याफुडं धरलं. मी कवच त्यात ठिवलं. दोन्ही हात लागत व्हते. मावशी म्हनली, "लेकरू न्हाई न्यायचं. पान्यात जाताना लेकराची नजर पडू द्यायची न्हाई."

"मग हिला कोन धरनार?"

बाया तर समद्या निघाल्या व्हत्या. कवचामागं चालायचं तर समद्यांनीच. हॉलात राहनारं मानूस एकच व्हतं.

"शालनबाई, हे इथून हलवायचं नाही," सर म्हनले, पन आता अगदी हळू.

"सर," मी म्हनलं, "धरा हिला." आन् छबू त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कशी धरली, तर पानी भरलेला माठ धरावा तशी, लांब.

नदी जवळच. तरी ती वाट मला लई लांब वाटली. फुडं मावशी, मागं बाया, रस्त्यावर कंपनीची बस थांबली, मानसं खिडकीतनं बघायला लागली. मी सुपात बघत चालत व्हते. बघता आलं तेवढं बघून घेतलं, धाप लागली व्हती आन् डोळ्यात पानी व्हतं, त्यामुळं नीट दिसतबी न्हवतं. पान्यात गुडघ्यायेवढं गेले आन् सूप तिरकं केलं. वाटलं व्हतं तरंगंल. न्हाई तरंगलं. सरळ खाली गेलं, आन् जरा येळ पानी तांबूस दिसलं, मग तेबी न्हाई.

परत आले तवा मी धरूनच चालले व्हते, सर म्हनतील, पोर घ्या आन् घरी जा. हॉलात पंखा चालू व्हता. सर खुर्चीवर बसले व्हते, छबू त्यांच्या खांद्यावर, शर्ट सगळा वला. ते माझ्याकडं न बघता म्हनले, "हिला भूक लागलीय." मी घेतली. जात्याआड बसून पाजलं. सर सूप पुसत व्हते, एकेक काडी, कोरड्या फडक्यानं. मग स्कूटरची किल्ली घेतली आन् दारात थांबून म्हनले, "उद्या लवकर या. चौथरा अजून काळाच आहे."

रईवारी पाहुणे आले. तिघंजन, त्यात एक बाई, चष्मेवाल्या. त्यांनी मोट बघितली, ढाल बघितली, कापडं हुंगली. सटवाईफुडं आले. नुसता काळा दगड, वर मावशीनं लावलेला शेंदराचा एक टिळा. तो मी सकाळी पुसला न्हवता. सरांनीबी पुसा म्हनलं न्हाई.

"हे काय आहे?" चष्मेवाल्या बाईंनी इचारलं.

"सटवाई," सर म्हनले.

"कोरीव काही दिसत नाही."

"नाही."

"मग संग्रहात कशासाठी?"

मी कुंचा घट्ट धरला. सरांनी त्या टिळ्याकडं बघितलं. मग म्हनले, "ह्या हॉलमध्ये बाकी सगळं बंद पडलेलं आहे. ही एकच अजून चालू आहे."

बाई हसल्या का न्हाई, मला दिसलं न्हाई. पन समदं सामान हाय तिथंच राहिलं, मी हाय तिथंच राहिले, आन् मुंग्या चढू नयेत म्हून चौथऱ्याखाली पान्याची वाटी ठिवायची असं ठरलं. आमच्या ह्यांची कंपनीबी मागनं उघडली. बाया येत्यात. मी आता टिळा ठिवते आन् बाकीचं पुसते. किती पुसायचं, ते माझं मी ठरवते, आन् रोज वाटतं, जास्त पुसलं का कमी.

सर त्या दिवसावरनं मला कधी रागावले न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फकस्त मधनंच, चहा पिताना, इचारत्यात, "शालनबाई, आत काय काय होतं?" मी सांगते. बांगड्या, पैसा, घुंगरू, केस. ते ऐकून घेत्यात, पुन्ना म्हैन्याभरानं इचारत्यात. मला लई चुटपुट लागती मग. येकदा टेबलावर ठिवून त्यांना नीट बघू दिलं असतं, आन् मग नेलं असतं, तर काय बिघडलं असतं? पन ठिवलं असतं तर उचलता आलं असतं का, हेबी खरंच हाय. मागच्या आठवड्यात त्यांनी परत इचारलं, आन् माझ्या तोंडनं निघून गेलं, एक चांदीचा डोळा बी व्हता, इवलासा, डाव्या अंगाला, थराच्या लई आत.

सर कप खाली ठिवून म्हनले, "हे तुम्ही आधी कधी सांगितलं नव्हतं."

"आधी आठवलं न्हवतं, सर."

"नक्की होता?"

मी लई येळ इचार केला. सूप दिसलं, माझे हात दिसले, उन्हात काहीतरी चमकल्यागत दिसलं. ते पानीबी आसंल. ह्या पोटातल्यासाठी मी रोज तिच्याफुडं उभी राहते, तर मीच तो डोळा तिला घालून दिला आसंल, म्हंजे तिनं बघावं. सरांना मी ठावं न्हाई म्हनले. पन दुसरं कुनी तेवढं आत बघितलेलंच न्हाई, आन् मी न्हाई लिहिलं तर कुनीच लिहिनार न्हाई. म्हून लिहिते. व्हता.